आई कोणाच्या रकान्यात?

४ जून

बोक्या,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

आज दुकानात करखात्याचं पत्र आलं. रिफंड आला असेल म्हणून मी खुशीत ते इस्त्रीवाल्या बाईंच्या हातात दिलं, म्हटलं, वाचा मोठ्याने, शुभवार्ता आहे. त्यांनी वाचलं. ‘आपण आपल्या आईस अवलंबित म्हणून दाखवले आहे. सदर आईस अन्य एका करदात्यानेही अवलंबित म्हणून दाखवले असल्याने दोन्ही परतावे रोखून धरण्यात येत आहेत.’ काउंटरपाशी एक गृहस्थ कोट घ्यायला थांबले होते. त्यांनी अगदी सहानुभूतीने विचारलं, ‘तुमच्या आईंची दोन कुटुंबं आहेत का?’

अन्य करदाता कोण, हे खातं सांगत नाही. गोपनीय म्हणे. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, आणि आपण भावंडं दोनच. मी काही गुप्तहेर नाही, पण वजाबाकी मलाही येते.

फोन मुद्दाम करत नाही. मी मुद्द्यावर आले की तुझा आवाज तुटायला लागतो, आणि तुझ्या भावोजींशी क्रिकेटवर बोलताना तोच आवाज खणखणीत असतो. कागदाला रेंज लागत नाही. तेव्हा लेखी उत्तर दे.

लॉन्ड्रीचा बॉयलर फेब्रुवारीपासून कण्हतोय. वाफ प्रेसपर्यंत पोचेस्तोवर तिची फुंकर झालेली असते. मिस्त्री म्हणाला, ‘ताई, याला आता बदला, नाहीतर हा तुम्हाला बदलायला लावेल. धंदा.’ या रिफंडमधून मी नव्या बॉयलरची पहिली रक्कम भरणार होते.

मी आईला दर महिन्याला पैसे पाठवते. औषधं पाठवते. थंडीत ब्लँकेट पाठवलं. तू काय करतोस? दोन गल्ल्या पलीकडे राहतोस. जवळ राहणं हा खर्च नव्हे.

सुधारित रिटर्न भर आणि आईला तुझ्या रकान्यातून काढ.

ताई


१२ जून

ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा राग जाईपर्यंत मी तसाच जमिनीवर पडलेलो आहे असं समज.

‘आईला तुझ्या रकान्यातून काढ’ हे वाक्य तू ज्या थाटात लिहिलंस, त्यावरून मी तिला रात्रीतून पळवून नेऊन तिथे कोंडलंय असं वाटतं. अगं, माझा त्या रकान्यावर तुझ्याइतकाच हक्क आहे. आईचं फोनचं बिल कोण भरतं? मी. डोळे तपासायला कोण घेऊन गेलं? मी. तिथे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायला थेंब टाकल्यावर तीन तास तिच्या शेजारी कोण बसलं? मीच. तिच्या घरातला दिवा गेला की स्टुलावर कोण चढतं? दर रविवारी मी तिच्याकडे जातो आणि दुपारचं जेवूनच निघतो, का, तर तिला एकटीला जेवावं लागू नये म्हणून. या त्यागाला पावती मिळत नाही, एवढाच माझा दोष.

ब्लँकेट आईने मला दिलं. फार ऊबदार आहे. थँक्यू.

तुझं दुकान आहे, भावोजींचा पगार आहे. मी एकटा जीव. शोरूममध्ये सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, कालच एका सद्गृहस्थाला अशी जुनी गाडी विकली की तो जाताना मला मिठी मारून गेला. पण कमिशनवरचं पोट, आज आहे उद्या नाही. तेव्हा तूच मोठ्या मनाची हो आणि तूच तो सुधारित रिटर्न भर. मोठं मन तुझ्याकडे असतं असं तूच लहानपणापासून सांगत आलीस.

नाहीतर आईलाच विचारू. ती काय ते खरं सांगेल.

तुझा,
बोका


१६ जून

प्रिय आई,

तब्येतीची काळजी घे. गोळ्या वेळेवर घे. पाठवल्या आहेत त्या संपत आल्या असतील.

तुला त्रास द्यायचा नव्हता, पण करखात्यात एक छोटासा घोटाळा झाला आहे. तुला ते सगळं कळणार नाही आणि कळून घ्यायची गरजही नाही. एवढंच समज, की बोक्याने फॉर्ममध्ये तू त्याच्यावर अवलंबून आहेस असं लिहिलंय. त्याच्यावर! जो अजून माझ्याकडून मोजे घेऊन जातो.

सोबत एक मसुदा पाठवते आहे. वाचत बसू नकोस, डोळ्यांना ताण होईल. खाली पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे सही करून पाकीट पोस्टात टाक. मजकूर साधाच आहे: ‘मी एक वृद्ध व एकाकी स्त्री असून माझे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न नाही. वेळ जावा म्हणून मी अधूनमधून नाटकमंडळींसाठी केसांचे विग विणते, परंतु त्यातून दोऱ्याचाही खर्च निघत नाही. माझा संपूर्ण भार माझी कन्या उचलते.’

‘भार’ शब्द ह्यांनी सुचवला. वाईट वाटून घेऊ नकोस, सरकारी भाषा अशीच असते.

घाबरू नकोस. मी आहे.

तुझी,
ताई


२५ जून

चि. ताई हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला. त्याच्या आदल्याच दिवशी बोका त्याचा मसुदा घेऊन आला होता. त्याच्यात मी ‘अंथरुणाला खिळण्याच्या मार्गावर’ आहे. तुझ्यात नुसती वृद्ध आणि एकाकी आहे, म्हणून तुझाच बरा म्हणायचा. दोन्ही मी सलग वाचले आणि त्या बाईची मला इतकी दया आली, की वाटलं हिला काहीतरी पाठवावं.

दोन्हींवर सही केलेली नाही. दोन्ही आमच्या करसल्लागाराला नेऊन दाखवले. तो सहसा हसत नाही. त्या दिवशी त्याला पाणी द्यावं लागलं.

आता नीट बसून वाच. सुईत दोरा ओवायचा असेल तर आधी ओवून घे.

मीही रिटर्न भरते. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून भरते. मलाही रिफंड यायचा आहे, आणि तो तुम्हा दोघांच्या मातृभक्तीपायी अडकला आहे, कारण स्वतः कर भरणारी बाई कोणावर अवलंबून कशी, असा खात्याला प्रश्न पडलाय. रास्त आहे.

आणखी एक. तू रागावशील, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. माझ्याही फॉर्ममध्ये अवलंबितांचा रकाना होता. त्यात मी बोक्याला लिहिलंय.

तिघांनाही वीस जुलैला बोलावतील असं सल्लागार म्हणतो.

तू पाठवलेल्या गोळ्या माझ्या वयाला शोभतील अशा आहेत, पण तो आजार मला नाही. शेजारच्या आजोबांना आहे. त्यांना देते. ते तुला दुवा देतात.

तुझी,
आई


१७ जुलै

बोक्या,

आज पहाटे बॉयलर गेला. जाताना असा आवाज करून गेला की वरच्या मजल्यावरची माणसं पायजम्यात रस्त्यावर आली. कोणाला लागलं नाही. पण दुकानात घोट्यापर्यंत पाणी आहे आणि एका नवरदेवाचा सूट त्यात पोहतो आहे. भावोजी बादलीने पाणी काढतायत आणि मध्येमध्ये मला ‘मी म्हटलं नव्हतं’ असं न म्हणण्याचा प्रयत्न करतायत. मला तो प्रयत्न ऐकू येतो.

मी वीस तारखेला येऊ शकत नाही. खात्याला तसं लेखी कळवलं आहे. तू आणि आई जा.

एक विचारते. आई रिटर्न भरते, हे तुला माहीत होतं? आणि तिने तुला अवलंबित का दाखवलं? तू तर गाड्या विकतोयस ना? सद्गृहस्थ मिठ्या मारून जातायत ना?

तिथे काय होईल ते मला जसंच्या तसं लिही. सजवू नकोस. तुझ्या हातात सजावट आली की मूळ वस्तू सापडत नाही.

ताई


२१ जुलै

ताई,

सजवत नाही. सजवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आम्ही दहाला पोचलो. आई राखाडी साडीत, काखेत फाइल. मी टायमध्ये. मला वाटलं होतं की तिचा हात धरून जिने चढवेन, म्हणजे बघणाऱ्यांना कळेल कोण कोणावर अवलंबून आहे ते. ती दोन पायऱ्या एकदम चढत वर गेली आणि मी मधल्या टप्प्यावर बुटाची नाडी बांधायचं नाटक करत दम खाल्ला.

अधिकारीण बाई पन्नाशीच्या. त्यांना सर्दी झाली होती. समोर रुमालांचा ढीग आणि त्याच्या मागे आपली तीन प्रकरणं. त्यांनी आधी मला विचारलं, ‘आईंचा महिन्याचा खर्च कोण करतं?’

‘मी.’

‘कशावर?’

‘लागेल त्यावर.’

‘उदाहरणार्थ?’

मी म्हटलं, ‘दिवे.’

बाई शिंकल्या. मग आईकडे वळल्या. ‘आजी, तुम्ही घाबरू नका, सावकाश सांगा. तुमचा खर्च कोण करतं?’

आई म्हणाली, ‘माझा खर्च मी करते. याचाही मीच करते. जानेवारीत याचं शोरूम बंद झालं, तेव्हापासून घरभाडं मी देते. जेवायला रविवारी येतो असं तो सांगत असेल, पण आठवड्यात बरेच रविवार असतात.’

आता तुला कळलंच आहे. सद्गृहस्थ नव्हता. मिठीही नव्हती. शोरूमच्या शटरवर कुलूप आहे आणि आत एक निळी गाडी आहे, ती मला कधीच विकता आली नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच पैसे पाठवले असतेस आणि सोबत चार पानं. पैसे चालले असते.

मग तुझा विषय निघाला. बाईंनी विचारलं, ‘मुलगी दर महिन्याला रक्कम पाठवते, ती तर कागदोपत्री दिसते आहे. तिचं काय?’ आईने फाइलमधून बँकेचं पुस्तक काढलं. तू पाठवलेला सगळा पैसा तुझ्याच नावाच्या खात्यात पडून आहे. एक छदामही काढलेला नाही. बाई म्हणाल्या, ‘नको होते तर घेतले कशाला?’

आई म्हणाली, ‘तिला द्यायचे होते.’

बाईंनी रुमाल नाकाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मला वाटतं त्या हसत होत्या. खात्री नाही.

निकाल असा. आई कोणाचीच अवलंबित नाही. मी आईचा अवलंबित धरला जाऊ शकत नाही, कारण कायद्यात ‘धडधाकट सज्ञान पुत्र’ त्या व्याख्येत बसत नाही. बाईंनी हे वाचताना माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि ‘धडधाकट’वर किंचित थांबल्या. तिघांनी सुधारित रिटर्न भरायचे. आईचा रिफंड थोडा घटेल, पण येईल. तुझा निम्म्यावर येईल. माझा उलटा फिरला, मलाच भरायचे आहेत.

बाहेर पायऱ्यांवर मला वाटलं आता ती मला फैलावर घेईल. मीच म्हटलं, ‘आई, सगळ्यांसमोर कशाला? मला तिथे लिहून तुला काय मिळणार होतं?’ तर ती म्हणाली, ‘मिळण्यासाठी नाही लिहिलं. वर छापलं होतं, माहिती खरी भरा.’

मी हसलो, ताई. मग थांबलो. कारण ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती रस्ता ओलांडायला गाड्यांकडे बघत होती.

तिथून ती मला घरी नाही, कामावर घेऊन गेली. आईचं कामाचं ठिकाण आहे! चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर लाकडी डोकी, रांगेने, काहींवर केस, काही माझ्यासारखी विरळ. दोन बाया तिच्या हाताखाली कामाला आहेत. बारीक जाळीवर आकड्याच्या सुईने एकेक केस गाठ मारून बसवतात. आपण समजत होतो की ती जेवणाच्या टेबलावर नाटकवाल्यांच्या दाढ्या विणते. दाढ्या आता कमीच. तिची खरी गिऱ्हाइकं म्हणजे आजारात केस गेलेल्या बाया, आणि टक्कल लपवणारे पुरुष, जे मागच्या जिन्याने येतात.

आम्ही तिथे असताना एक तरुण बाई विग घालून बघत होती. आईने मागून कंगवा फिरवला आणि म्हणाली, ‘भांग कुठला पाडायचीस पूर्वी?’ ती रडायलाच लागली. आई तशीच उभी राहिली, कंगवा हातात धरून, ती सांगेपर्यंत. मी खिडकीतून चावीवाल्याची पाटी वाचत बसलो.

नंतर विचारलं, ‘आम्हाला सांगितलं का नाहीस?’ म्हणाली, ‘लपवलं कुठे? तुम्ही दोघंही येता आणि मी जेवले का एवढंच विचारता. मी जेवलेली असते.’

एवढंच. सजवलेलं नाही.

बोका


२६ जुलै

आई,

बोक्याचं पत्र मिळालं. सगळं कळलं. अभिनंदन.

दुकान बंद आहे. नवरदेव आखडलेल्या सुटात बोहल्यावर चढला आणि त्याच्या सासऱ्याने माझ्या नावाने जे काही म्हटलं ते ह्यांनी मला अर्धंच सांगितलं.

मी एवढंच विचारते. ते पैसे काढताना मी दर वेळी काहीतरी मागे सारत होते. एकदा पोरीची सहल, एकदा दुकानाचा रंग. सारलं आणि बरं वाटलं, की आईला कमी पडू देत नाही. आणि तू ते पुस्तकात ठेवून दिलंस. तू मला दर महिन्याला ‘पोचले गं, फार मदत झाली’ म्हणायचीस. कोणाला झाली? मग इतकी वर्षं मी कोणाला सांभाळत होते?

मसुद्याबद्दल माफ कर. ‘भार’बद्दल तर फारच.

ताई


४ ऑगस्ट

चि. ताई हिस,

अनेक आशीर्वाद.

तू रागावलीस ते बरोबर आहे. ‘फार मदत झाली’ हे मी खोटं बोलले. फॉर्ममध्ये खरं लिहिते आणि पोरीला फोनवर खोटं सांगते, अशी मी आहे.

पहिल्या वर्षी मला ते पैसे खरोखर लागले होते. बाबांच्या दवाखान्याने घर धुऊन नेलं होतं. तुझ्या पैशातून मी भाडं दिलं आणि पहिली जाळी, पहिले केस विकत घेतले. तेवढं मी नंतर तुझ्या नावाचं खातं उघडलं तेव्हा त्यात भरलं, म्हणून पुस्तकात दिसत नाही. मग काम लागलं आणि पैसे लागेनासे झाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होते. पण तू फोनवर ‘आई, पाठवलेत हं’ म्हणायचीस तेव्हा तुझा आवाज असा यायचा, जसा बाबांच्या आजारपणात एकदाही आला नाही. तो मला बंद पाडवेना. तू मला सांभाळत होतीस की नाही याचा हिशेब करखात्याने लावला तेवढा पुरे झाला. मी लावणार नाही.

आता बातम्या. परवा माझा रिफंड आला.

बोका माझ्याकडे कामाला लागला आहे. दया म्हणून घेतलेला नाही, घासाघीस करून घेतलाय. विणकामात त्याचे हात म्हणजे हातोडे, दोन जाळ्या फाडल्या. पण गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला बसवलं आणि मी बघतच राहिले. मागच्या जिन्याने येणारे पुरुष पूर्वी मान खाली घालून यायचे. आता हा त्यांना आरशासमोर बसवतो आणि म्हणतो, ‘साहेब, मी आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, आज पहिल्यांदा मापाची घालतोय.’ ते हसतात आणि विकत घेतात. बायकांशी मात्र एक शब्द बोलत नाही. खुर्ची पुढे करतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही.

पहिला पगार दिला, त्यातून कर कापून. ‘आई, केसाने गळा कापलास’ म्हणाला.

आता तुझं. बॉयलर केवढ्याचा आहे ते मी जावईबापूंना विचारून घेतलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच फोन केला होता. तुझ्या खात्यातले तुझे पैसे आणि माझा रिफंड मिळून तो येतो, वर वाहतुकीपुरतं उरतं. तुझे पैसे तर तुझेच आहेत, ते घ्यायला तुला माझी परवानगी नको. रिफंड माझा आहे. तो घ्यायला तुझी हवी.

नको म्हणशील हे मला माहीत आहे. कारणंही माहीत आहेत, तू लहानपणापासून तीच देतेस. पण एकदा घेऊन बघ. मी घेतले होते.

तुझी,
आई


९ ऑगस्ट

आई,

नकाराचं पत्र लिहून झालं होतं. चांगलं झालं होतं. त्यात ‘स्वाभिमान’ दोनदा आणि ‘तुझ्या म्हातारपणाची पुंजी’ एकदा होतं. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला निघाले तर इस्त्रीवाल्या बाई दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. बंद दुकानाच्या. म्हणाल्या, ‘घरी बसवत नाही, म्हणून इथे येऊन बसते.’ तीन आठवडे रोज येतात म्हणे. मला माहीतच नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, ‘कुणाला पत्र?’ म्हटलं, ‘आईला. ती पैसे देतेय, मी नको म्हणतेय.’

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, एखादा डाग गेला नाही की कापडाकडे बघतात तसं.

ते पाकीट मी फाडलं. हे दुसरं.

पाठव.

ह्यांना सांगितलं तर ते इतके आनंदले की मला पुन्हा नकार द्यावासा वाटला, पण आवरलं.

मिस्त्री बॉयलर बसवायला चार दिवस घेणार आहे आणि मी समोर उभी असले की त्याचं काम बिघडतं म्हणे. त्या चार दिवसांत मी तुझ्याकडे येतेय. घरी नाही, खोल्यांवर. चावीवाल्याच्या जिन्याने वर येईन. मला सुई हातात दे आणि पहिली गाठ कशी मारायची ते दाखव. चुकले तर बोक्यासमोर बोलू नकोस.

तुझी,
ताई